मी मारलेली माणसं

देवपूरला कॉलेजात असताना माझं ठाम मत होतं की सिनेमाची आवड जुळली तरच दोस्ती टिकते. तरी माझा एकुलता एक दोस्त होता तो गोडमिट्ट शेवटांचा वेडा. मी मेहरूणचा, खोली घेऊन राहणारा, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. शेवटी कुणी मेल्याशिवाय सिनेमा मला खराच वाटत नसे. तो रोज पांझरेकाठच्या आपल्या गावाहून येई. पडद्यावर हरवलेली आई सापडली की भर थेटरात नाक शिंकरायचा. मला त्याची लाज वाटायची आणि त्याच्याशिवाय सिनेमाला जायलाही नको वाटायचं.

तीनचा खेळ सहाला सुटे, आणि त्याच्या गावाची शेवटची एस.टी. पावणेसहाला. म्हणजे शेवटाच्या ऐन वेळी हा उठायचा, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळायचा. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शेवट मी सांगायचा, असा आमचा रिवाज पडला. आणि मी शेवट बदलायचो. नायकाला गोळी लागायची, आई सापडायची पण ओळखायची नाही. त्याचं तोंड पडलं की मला आसुरी मजा यायची.

दुसऱ्या वर्षी दोन भावांच्या भांडणाचा एक सिनेमा आला. दुसऱ्या दिवशी त्याने चहा यायच्या आधीच विचारलं, भाऊ एक झाले का? मी म्हणालो, धाकटा मेला, थोरला उशिरा पोचला. तो आलेला चहा तसाच ठेवून उठला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या गावच्या यात्रेत, तंबूत तोच सिनेमा लागला. सोमवारी तो थेट माझ्या खोलीवर आला.

"बठ्ठा जित्ता शेतस! तू कसाले मारं त्याले?"

सिनेमात सगळेच जिवंत राहतात, हे त्याने पाहिलं होतं. मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील आणि काका बांधावरून भांडले होते, पाच वर्षं बोलणं बंद. आता बहिणीचं लग्न ठरलं होतं. कॅन्टीनमध्ये शेवट विचारला त्या दिवशी तो कॉलेजातून परस्पर काकांकडे पत्रिका नेणार होता. माझा शेवट ऐकून त्याचा धीर सुटला, पत्रिका दप्तरातच राहिली. लग्न चार दिवसांवर आलं होतं. आयुष्यात इतका खजील मी कधी झालो नाही.

"आता तू बी चाल," तो म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा काका आपल्या घराच्या ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी पत्रिकेकडे पाहिलंही नाही.

"तुना बापनी धाडं का तुले?"

"नही काका. मीच उनू."

तो आपणहून आला म्हटल्यावर काकांनी पत्रिका घेतली, पण येतो म्हणाले नाहीत. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, येतील. माझ्या मते ते येणार नव्हते.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या, काकांचा पत्ता नाही. दोस्त पाहुण्यांना पाणी देत होता, पण नजर सारखी रस्त्यावर. शेवटच्या पंगतीला त्याचे वडील बसले. वरण-बट्टी वाढून झाली होती. तेवढ्यात काका मांडवात शिरले, कुणाशी न बोलता भाजीची बादली उचलली आणि वाढत वाढत भावापुढे आले. मिठी नाही, रडणं नाही. वडिलांनी भाजी तोंडात घातली, सावकाश चावली, आणि मान वर न करता म्हणाले,

"भाजीमा मीठ कमी शे."

"मीठ लई या रे!" मीठ आणायला काका आत बघून ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला.

दोस्त माझ्याकडे वळला. त्याचे डोळे कोरडे होते. नाक मी शिंकरत होतो.