शांतीकाकांचा विकाऊ कॅमेरा

शांतीकाका कॅमेरा बाहेर काढत, पण लगेच हातात देत नसत. आधी मलमलचं फडकं सावकाश उलगडायचं, मग कॅमेरा कानाशी धरून बटण दाबायचं आणि आतल्या पडद्याची सरसर पुरती थांबेपर्यंत डोळे मिटून बसायचं. मग माझ्याकडे बघून विचारायचं, "आवाज उना का?" पहिल्याच भेटीत मी उगीच हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नही उना. आखो एकदाव ऐका."

मी तेव्हा तळोद्याला बँकेत होते. घर सांगलीचं, लग्न केलेलं नाही. आठवडाभर काउंटरपलीकडे माणसांची रीघ असायची, आणि शनिवारी संध्याकाळी शाखेचं शटर पडलं की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. बाजारात अहिराणी चालायची, डोंगरातून येणारी माणसं आपापसात पावरी बोलायची; माझी मराठी त्यांच्या दृष्टीने सरकारी कामाची होती. अशाच एका रविवारी मोबाइलवर जाहिरात दिसली. रशियन बनावटीचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा, रोलवर चालणारा, सेल लागत नाही, गाव खापर. जाहिरात काकांच्या मुलाने सुरतेहून टाकली होती. मी जीपने खापरला गेले.

काकांचं कापडाचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण काकांचा जन्म इथलाच. बायको गेलेली, मुलगा सुरतेत स्थायिक. खाली रिकामी फळकुटं आणि वर एका खोलीत काका. तरुणपणी ते कापडाचे गठ्ठे घेऊन वर डोंगरातल्या मोलगी गावच्या बाजाराला जात. हा कॅमेरा गळ्यात असे. लुगडं घेणाऱ्या बाईचा फोटो काढायचा आणि पुढच्या बाजारी तिला तो नेऊन द्यायचा, ही त्यांची पद्धत. पुढे पुढे लोक कापड न घेताच फोटोसाठी समोर उभे राहू लागले, काकांचे वडील चिडले, पण काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही.

त्या दिवशी त्यांनी मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं. मधोमध एक पिवळसर चौकोन होता. त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते; भिंगाची कडी फिरवत दोन्ही चित्रं एकावर एक आणली की अंतर बरोबर जुळतं. समोरचा मोबाइल टॉवर मात्र काही केल्या जुळेना. काकांनी कॅमेरा परत घेतला, फडक्यात गुंडाळला. रेंजफाइंडर सरकला आहे, पुढच्या रविवारी या, करून ठेवतो, म्हणाले. मी आज असाच घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाले, "घाई नका करू ताई. मशीन शे, भाजीपाला नही."

पुढच्या रविवारी टॉवर जुळला, पण पडद्याचा एक सेकंदाचा वेग अडकत होता. त्याच्या पुढच्या रविवारी भिंगात धुरकटपणा दिसला. दर वेळी चहा, खाकरा आणि मोलगीच्या बाजारातल्या माणसांच्या गोष्टी. शेजारच्या गिरणीवाल्या भाभींनी एकदा मला जिन्यात गाठून सांगितलं, की नंदुरबारचे एक डॉक्टर आणि अक्कलकुव्याचा एक मास्तर असेच खेपा घालून कंटाळून गेले. काका काही कॅमेरा विकायचे नाहीत, त्यांना नुसतं बोलायला माणूस हवं असतं.

जीपमध्ये बसून मला आधी राग आला. मग वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढीच सोबत. माझं तरी काय जातंय. मी जात राहिले. कॅमेऱ्याचं कुठवर आलं, असं मी दारातच विचारायची, काका काहीतरी दुरुस्ती सांगायचे, आणि मग आम्ही दोघं निवांत गप्पा मारायचो. मी त्यांच्यावर उपकार करते आहे, असा माझा समज होता आणि तो मला सुखाचा वाटत होता.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग माझी बदली झाली, लातूरकडच्या एका गावाला. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅमेरा फडक्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, पुढच्या रविवारी पैसे घेऊन या.

त्या रविवारी घरासमोर मोटार उभी होती. सुरतेहून मुलगा आला होता, खोलीतलं सामान बांधत होता. काका चहा टाकायला मागे गेले तेव्हा तो मला म्हणाला, की पप्पांना न्यायला तो मागच्या दिवाळीतच आला होता, खोलीही तयार होती. पप्पा हलले नाहीत. बँकेतल्या ताई इथे एकट्या आहेत, रविवारी कुठे जातील, त्यांची बदली झाली की येतो, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं होतं.

काका तीन कप घेऊन आले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी चहा संपवला. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ठरलेले सगळे पैसे घेतले. मुलगा म्हणाला, पप्पा, ताईंकडून कसले पैसे घेता? काकांनी त्याला गप्प केलं. "फुकटनी वस्तू कपाटमा पडी ऱ्हास. त्या वापरतीन."

खाली आल्यावर मुलाने कुलूप लावलं. भाभी गिरणी थांबवून दारात आल्या. काकांनी त्यांना हात जोडले, मोटारीचं दार उघडलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"तठे कोनी वळखीनं शे का?"

त्या गावाचं नावही मी बदलीच्या कागदावर पहिल्यांदा वाचलं होतं.

"हो काका," मी म्हटलं. "बरीच माणसं आहेत."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैलावला. "मंग बरं शे," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.