जहाजावरचं कारीट

मी जात्याच चोंबडी. शेजारणीच्या टोपात काय शिजतंय ते झाकण उचलून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शाळेत शिकवते, तिथेही मधल्या सुट्टीत पोरांच्या डब्यांत डोकावते. त्यामुळे भावाच्या जहाजावर जायचं ठरलं तेव्हा आपल्याला समुद्र लागेल का, उलट्या होतील का, असले प्रश्न मला पडलेच नाहीत. एवढ्या माणसांचा भात हे लोक शिजवतात कशात, आणि त्याची पेज काढतात की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

आईला मात्र दुसरंच काहीतरी बघायचं होतं, आणि ते तिने निघायच्या आधी महिनाभर मला रोज ऐकवलं.

माझा धाकटा भाऊ लोकांना हौसेने फिरवून आणणाऱ्या एका मोठ्या जहाजावर बेकरीत कामाला आहे. पाव भाजतो, केक करतो. नऊ वर्षं झाली. सुट्टी मिळते ती ऐन पावसात, कारण दिवाळी म्हणजे त्यांच्या गर्दीचे दिवस. नऊ दिवाळ्या तो घरी नाही. गेल्या जुलैत आला तेव्हा आईने सकाळी पेज वाढली, तर त्याने चमचा मागितला. एकदाच घेतली, "पुरे" म्हणाला, वाटी स्वतः विसळून पालथी घातली आणि जाता जाता म्हणाला, "छान झाली होती."

त्या तीन शब्दांनी आईला आठ दिवस झोप लागली नाही. आमच्या घरात पेजेला कोणी छान म्हणत नाही. खारट झाली तर सांगतात, पातळ झाली तर सांगतात, नाहीतर गप्प बसून जेवतात. छान म्हणतात ते पाहुणे.

"झील माझो रवलो नाय," ती म्हणाली, म्हणजे मुलगा आता आपला राहिला नाही. रडली वगैरे नाही. तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

आमचं गाव कणकवलीहून मालवणला जाताना मध्ये लागतं. समुद्र तसा जवळ, पण आम्ही शेतीवाली माणसं, होडीत पाय ठेवायची वेळ कधी येत नाही. बाबा गेल्यापासून भातशेती आई करते. गुडघे बोंब मारतात तरी लावणीला स्वतः चिखलात उतरते. काका दोन वर्षं मागे लागले होते की शेत मला अर्धेलीने, निम्म्या पिकावर, दे, तू आता बस. आई ऐकत नव्हती. पण त्या पेजेनंतर तिने मनाशी ठरवून टाकलं.

"दिवाळीक त्येच्या जहाजार जावया," ती मला म्हणाली. "आपले पोये त्येका घालूया नि कसो खाता ता बघूया. पावण्यासारको खाल्ल्यान, तर मगे मी शेती कोणासाठी करू? तुझ्या काकाक देवन मोकळा होवया."

जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना तिकिटात सवलत असते. भाऊ तीन वर्षं "या, या" करत होता, आणि आई त्याला "म्हशीक कोण बघतला?" म्हणून वाटेला लावत होती. या खेपेला तिने म्हशीची सोय स्वतःच लावली.

आमच्याकडे दिवाळीची पहिली सकाळ लाडू-चिवड्याची नसते, पोह्यांची असते. नव्या भाताचे पोहे गिरणीतून करून आणायचे. गोडे, तिखट, दुधातले, ताकातले, जमतील तेवढे प्रकार करायचे आणि वाडीभर एकमेकांकडे जाऊन पोट फुटेपर्यंत खायचे. पण त्याआधी पहाटेची अंघोळ करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. कारीट म्हणजे बांधावरच्या वेलीला लागणारं, लिंबाहून लहान, पट्ट्यापट्ट्यांचं हिरवं फळ. जहर कडू. फोडायचं, रस जिभेला लावायचा, तोंड वाकडं करायचं आणि मगच पोह्यांना हात लावायचा. कारीट न फोडता पोहे खाणारा माणूस आमच्या वाडीत तरी मी पाहिलेला नाही.

जहाजवाल्यांची यादी भावाने फोनवर पाठवली. घरी शिजवलेलं चालणार नाही, फळं-भाज्या चालणार नाहीत, नारळ नाही, बंद पाकिटातलं कोरडं चालेल. मी आईला दोनदा वाचून दाखवली. पोहे आणि गुळाची पावडर आम्ही कोकमं विकणाऱ्या शेजारणीकडून तिच्या मशीनवर पाकिटात बंद करून घेतली. कारटांचं काय, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "ता माझ्यार सोड." मी सोडलं, हीच माझी चूक.

मुंबईला बंदरावर सामानाची तपासणी होती. आमची पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर आईच्या गुंडाळलेल्या स्वेटरच्या आत तीन गोल वस्तू दिसत होत्या. तपासणीवर एक तरुण बाई होती, तिने विचारलं, "काकी, अंडी आहेत का?"

"अंडी कित्याक असतली? कारटां."

स्वेटर उलगडला. तीन कारटां गडगडत ट्रेमध्ये आली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"फळं आत नेता येत नाहीत," ती म्हणाली.

"ह्या खावचा फळ नाय गो. ह्या फोडूचा."

मागे रांग ताटकळली होती. नियम खायच्या वस्तूंचा आहे आणि ही वस्तू कोणी खातच नाही, तर तिला नियम लागेल कसा, असं आईचं म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर, लाजेने अर्धी झाले होते तरी मला ते पटत होतं. साहेब लोक यावर काय उत्तर देतात ते ऐकायला मी कानही टवकारले होते. पण ती बाई हसली. "काकी, मी रत्नागिरीकडची. कारीट मला ठाऊक आहे. पण सोडलं तर माझी नोकरी जाईल."

मग तीन कारटांपैकी चांगलं पिकलेलं एक उचलून आईने तिच्या हातात ठेवलं. "मगे उद्या तू तरी फोड. फुकट टाकू नको." आणि पिशवी उचलून चालू लागली.

जहाजाबद्दल लिहायचं तर मी चार दिवस लिहीन. लिफ्टमध्ये गालिचा, गालिच्यावर वार लिहिलेला, रोज बदलतात म्हणे. जेवणाच्या ठिकाणी मी नुसती फिरत होते. एका माणसाला विचारलं, वाया गेलेलं अन्न कुठे जातं. दुसऱ्याला विचारलं, एवढे पेले धुतं कोण. तिसरा मला बघून आधीच वाट बदलून गेला. संध्याकाळी भाऊ पाच मिनिटं येऊन भेटून गेला, तेव्हा मी पहिला प्रश्न भाताचा विचारला. तो म्हणाला, "गो ताय, वाफेच्या कपाटात शिजता. पेज निघणाच नाय." मला फार वाईट वाटलं. एवढं मोठं जहाज आणि पेज नाही.

कारटां गेल्यापासून आई नीट बोललीच नव्हती.

दिवाळीच्या सकाळी नाश्त्याला पोहे होते. पिवळे, वर शेव. आईने झाकणाखाली वाकून बघितलं आणि काही न घेता पुढे गेली. आठ वाजता भावाची पाळी संपली. प्रवाशांच्या भागात यायला त्याने साहेबांकडून वीस मिनिटं मागून घेतली होती. मागच्या बाजूच्या डेकवर, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला आम्ही बसलो. भावाचे पांढरे कपडे, काळे बूट, हातात नारळाच्या रसाचं भांडं आणि तीन वाट्या. रस बेकरीतला, त्याने स्वतः गाळलेला.

"आता आपण आपल्याच गावासमोरसून जातव," तो डाव्या हाताला बोट दाखवून म्हणाला.

मी डोळे फाडून बघितलं. नुसतं धुकं. दर आठवड्याला हा आमच्यासमोरून जातो आणि आम्हाला पत्ता नाही, हे मला तेव्हा कळलं.

"पोये खंय?" त्याने विचारलं.

पाकिटं आईच्या मांडीवर होती. तिने ती उघडली नाहीत. "कारटां काडून घेतल्यानी," ती म्हणाली. "कारीट नाय तर पोये कसले?"

मला आईचा राग आला. वीस मिनिटांतली पाच गेली होती. नऊ वर्षांनी दिवाळीला मुलगा समोर बसला आहे, पोहे मांडीवर आहेत, आणि ही बाई कारटासाठी अडून बसली आहे. मी बोलणार, एवढ्यात भावाने खिशातून कागदी रुमालाची पुरचुंडी काढली. आत तीन हिरवी, गुळगुळीत फळं होती.

"ह्या काय?" आईने विचारलं.

"ऑलिव. पिझ्झ्यार घालतत. कडू आसता जरासा."

आईने एक उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं. मला वाटलं, पोराने आपल्या समाधानासाठी काहीतरी नाटक आणलंय असं तिच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं. पण तिने चप्पल काढली. जवळ तुळस नव्हती, कुंडीतलं एक झाड होतं, त्याच्या पानाला हात लावून तिने बघितलं तर प्लास्टिकचं. तरी त्याच्यापुढे रुमाल पसरून तिने ऑलिव ठेवलं आणि डाव्या अंगठ्याने दाबलं. ते फुटायचं सोडून सटकलं आणि खुर्चीखाली गेलं.

"आंगठ्यान फुटाचा नाय," भाऊ म्हणाला. "आत बी आसा. टाचेन दाब, नि दाबताना जरा फिरव."

बोलता बोलता त्याने बूट काढला, मोजा काढला, दुसरं ऑलिव रुमालावर ठेवलं. टाच टेकली, थोडी वळवली, आणि बी एका बाजूला, गर एका बाजूला. बोटावर रस घेऊन त्याने जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि रुमालाची घडी करून खिशात टाकली. सगळं इतक्या सरावाने, की मी नुसती बघत राहिले.

आईही बघत होती. "किती वर्सा?" तिने विचारलं.

"पयल्यापासून. खोलीत. फरशीर डाग पडता म्हणान रुमाल घेतंय."

"मगे कधी सांगलंस नाय तां?"

"काय सांगतलंय? ऑलिव फोडतंय म्हणान? वाडीभर हसली असती माणसां."

आईने तिसरं ऑलिव घेतलं, टाचेने फोडलं, माझ्याही जिभेला रस लावला. खारट आणि जरा कडवट. कारटाची सर नाही, पण तोंड वाकडं झालं. मग तिने दाताने पाकीट फाडलं. पोहे, गूळ, वर नारळाचा रस, हाताने कालवलं आणि वाटी त्याच्या पुढे केली.

त्याने चमचा मागितला नाही. बोटांनी खाल्लं, मान खाली घालून, भराभर. पहिली वाटी संपवून दुसरी पुढे केली. आईची नजर त्याच्या तोंडावर होती, आणि माझीही. आता "छान" म्हणाला तर सगळं संपलं.

तोंडात घास तसाच ठेवून तो म्हणाला, "आये, गूळ कमी घातलंस."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. उरलेली सगळी गुळाची पावडर त्याच्या वाटीत ओतली.

"काकाक फोन लाव," ती मला म्हणाली. "शेत देवचंय नाय म्हणान सांग. नि बियाण्याचा भात बाजूक काढूक सांग."

भाऊ दोघींकडे बघत होता, त्याला काही कळलं नाही. समुद्रात फोन लागत नव्हता. गोव्याला उतरल्याबरोबर मी पहिला तोच लावला.