टाच टेकत नाही

ब्राह्मणपुरीचं घर बंद करताना मी सगळं नीट पाहिलं: गॅस, नळ, मागची कडी, मायच्या गोळ्या, आधार कार्ड. आप्पा गेल्यानंतर माय एकटी होती. पावसाळ्यात ती ओसरीवर घसरून पडली, तेव्हाच मी ठरवलं की तिला पुण्याला न्यायचं. शहाद्याहून गाडी सुटली तशी मायने चपला काढून दोन्ही पाय सीटवर घेतले. पूर्वी याच रस्त्याने मी होस्टेलला निघाले होते, तेव्हा खिडकीखाली उभं राहून तिने एवढंच विचारलं होतं, "बसाले जागा भेटनी का?"

जागा मिळाली. आता मी कॉलेजात पहिल्या वर्षाला जैविक मानवशास्त्र शिकवते. माणूस दोन पायांवर उभा कसा राहिला, हे सांगायला मला अख्खं सत्र मिळतं. तो बसत कसा होता, याला एक तास.

माझ्या फ्लॅटमध्ये मात्र सगळं उभ्याने किंवा खुर्चीवर. माय सोफ्यावर उकिडवी बसायची. पाय खाली सोडायला लावले की "पाय लोंबकळी ऱ्हायनात मन्हा," म्हणायची. मी लगेच गवंडी बोलावला आणि बाल्कनीत नळासकट बुटका ओटा करून घेतला. माय तिथे मेथी निवडू लागली. मला वाटलं, काम झालं. तरी ती सारखी उठून जिन्यापर्यंत जायची, खाली बघायची, परत यायची. तिच्या येरझारांनी माझंही वाचनात लक्ष लागेना.

एकदा कौतुकाने मी तिला सांगितलं, "माय, जी माणसं आयुष्यभर तुझ्यासारखी उकिडवी बसतात ना, त्यांच्या नडगीच्या हाडावर, घोट्याजवळ पुढच्या बाजूला, एक छोटा गुळगुळीत चट्टा पडतो. आमच्याकडे एका बाईचं हाड आहे, त्याच्यावर स्पष्ट दिसतो. मी पोरांच्या हातात देते."

मायचा हात मेथीत थांबला. "ती बाई कोन्ता गावनी शे?"

"माहीत नाही. पेटीवर नंबर आहे."

"गावबी लिखेल नही?"

"नाही."

"मंग तिना घरना लोके वाट देखत व्हतीन का नही, तेबी तुले ठाऊक नही."

दुसऱ्या दिवशी चहा ठेवतानाच तिने सांगितलं, "मी आते घर जासू."

मी चिडले. "आणि परत पडलीस तर?"

"सुमन शे ना शेजारले."

"ओटा केला ना तुझ्यासाठी?"

"ओटा चांगला शे, पोरी. पन आठे मी कोनासंगे बसू?"

मी सुमनकाकूंना फोन केला. त्या रात्री मायजवळ झोपायला येतील, ही खात्री झाल्यावर तिकीट काढलं. ती गेली आणि फोन जरा उशिरा उचलला गेला की मी लगेच सुमनकाकूंना लावू लागले. अजून लावते.

मिरचीच्या दिवसांत मी चार दिवसांची रजा काढून गेले. अंगणात लाल मिरचीचा ढीग, भोवती गोल करून बाया देठ खुडत होत्या, माय मधोमध. मला पाहून सुमनकाकू म्हणाल्या, "पुनावाली मॅडम उनी! खुर्ची लई येऊ का व?" सगळ्या हसल्या. मी साडी खोचून उकिडवी बसले आणि सरळ मागे कोलमडले. पुन्हा बसले. टाचा अधांतरीच.

"तुन्ही टाच टेकत नही व!" सुमनकाकूंना हसू आवरेना.

लहानपणी याच अंगणात मी तासन्‌तास अशी बसत होते. माझ्या हाडावर तेव्हाचा चट्टा असेल, नसेल. मला तो कधीच बघता येणार नाही.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांनी घरी गेल्यावर एकदा बसून पाहावं. आणि जे मागे राहिले, त्यांनी आम्हाला खुर्ची देण्याची घाई करू नये. घर आता मला आपोआप जमत नाही, आणि ते सोडूनही देता येत नाही.

मायने चुलीजवळचं एक चपटं फळकूट उचललं आणि माझ्या टाचांखाली सरकवलं. मग मूठभर मिरच्या माझ्यासमोर ओतल्या.