दुकानातला परदेशी साबण

आमच्या मोहल्ल्यात आखातातून कुणी परतलं की घरोघर साबण आणि चॉकलेटं जायची. नवरा कुवेतला होता तेव्हा मीही वाटली. पुढे नातू इंग्लंडला शिकायला गेला. लोकांनी त्यालाही कमवायला गेल्यासारखंच धरलं.

वर्ष पुरं व्हायच्या आत तो परत आला. अंगावर मांस नव्हतं. तिथे खोलीत एकटाच असायचा, जेवण जायचं नाही, झोप यायची नाही, वर्गात जायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे, एवढं त्यानं सांगितलं. फोनवर मात्र दर जुम्म्याला "मजेत आहे" म्हणायचा. आम्हालाही तेच ऐकायचं असायचं.

सुनेनं त्याला आतल्या खोलीत ठेवलं. घरात त्याची बहीण लग्नाची होती. "सुट्टीवर आलाय म्हणायचं," तिनं मला बजावलं. "जरा बरा झाला की पाठवू परत." मग बाजारात जाऊन परदेशी मालाच्या दुकानातून साबण घेऊन आली. वरच्या किमतीच्या चिठ्ठ्या नखानं खरवडल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही वाटा. तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही."

गुडघे दुखत होते, तरी निघाले. पहिल्याच घरी शेजारणीनं साबण नाकाला लावला.

"चाची, हा तर इथे बाजारात मिळतो. माझी मुलगी हाच आणते."

"बाजारातूनच आणलाय."

"आणि नातू?"

"त्याला तिथे बरं नव्हतं. शिक्षण सोडून आलाय."

तिनं साबण माझ्यापुढे धरला. "मग साबण ठेवू की परत देऊ?"

"ठेव गो. आंघोळ तरी कर."

बाकीची घरं घेतली नाहीत. संध्याकाळपर्यंत शेजारीण बातमी सगळीकडे पोचवणार होतीच.

सून कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही समजूत काढली नाही, तेवढा दम नव्हता. नातवाला मात्र दाराशी जाऊन म्हटलं, "बाहेर येऊन बस."

"लोक विचारतील, दादी."

"मी सांगून आलेय. परत जायचं तर जा, नाहीतर नको. पण कोंडून घेऊ नको."

तो पडवीत आला, माझ्या शेजारी चटईवर आडवा झाला. येणारे-जाणारे बघत होते. बघता बघता त्याला झोप लागली, आणि दुपार सरली तरी तो उठला नाही. मी माश्या वारत बसले.

तो परत गेला नाही. उरलेले साबण आम्हीच वापरून संपवले.