तांड्यावरून उसनी आणलेली पोरगी

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तशी.

जवळा बाजारपासून आत, एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. ओढ्यापलीकडे तांडा. तिथंही आठवीपर्यंत शाळा होती, आणि तिथले प्रल्हाद सर माझे मित्र. दोन्ही शाळांत उसनवारी चालायची — त्यांचा नकाशा आमच्याकडे, आमची पेटी त्यांच्या गॅदरिंगला. आणि खोटं कशाला बोलू, तपासणी आली की पोरंही. चांगलं वाचणारं एखादं पोरगं इकडचं तिकडे नेऊन बसवायचं. सगळेच करायचे. त्यात कुणाला काही वाटत नसे.

पण ती तपासणी नेहमीची नव्हती. दोन्ही शाळांची तुलना होणार होती. जिथली मुलं बरी ठरतील तिथं सहावी ते आठवीचे वर्ग राहणार, दुसरीकडचे बंद. मला हे ओळखीतल्या एकानं फोनवर आधीच सांगितलं होतं. प्रल्हाद सरांना पत्ता नव्हता. आमची हुशार पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून केव्हाच गेलेली, उरलेली अडखळत वाचायची. मग मी काय केलं? — सरांना म्हणालो, नेहमीचीच तपासणी आहे, सकाळपुरती रोशनी द्या. दुपारी साहेब तुमच्याकडे यायच्या आत गाडीवर आणून सोडतो.

रोशनी सातवीत होती. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची, पण मराठी धडा असा वाचायची की ऐकत राहावं. साहेब खूश झाले. पुन्हा पुन्हा तिलाच उभं केलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं — हीच पोरगी त्यांना तांड्यावर दिसली तर?

मी तिला सोडलं नाही. खिचडी वाढली आणि मागच्या खोलीत बसवून ठेवलं. साहेबांची जीप ओढा ओलांडताना तिला खिडकीतून दिसली, तशी ती उठली.

“गुरुजी, काहून सोडून न्हाई राहिले मला? आमच्या शाळेत बी मलाच वाचायचंय.”

“गाडी पंक्चर आहे, बाई. बस तू.”

गाडी दारातच उभी होती. दोन्ही चाकं टणक. ती गाडीकडे बघत बघत बसली.

तांड्यावरचे वर्ग बंद झाले. प्रल्हाद सरांनी पंक्चर खरं मानलं — वर मलाच धीर दिला, तुमचा काय दोष म्हणाले. पुढं त्यांची बदली झाली. तांड्यावरची मुलं आमच्याकडे येऊ लागली, पण ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. मुली आधी गळाल्या. त्यात रोशनीही. तिला आणायला मी एकदाही गेलो नाही. नोकरी जाणार होती का माझी? नाही. फार तर बदली झाली असती. तेवढ्यासाठी मी हे केलं.

परवा आठवडी बाजारात ती दिसली. मिरच्यांचे वाटे लावून बसली होती, शेजारी लहानगी लेक. मला बघून उठलीच.

“पाया पड गुरुजीच्या,” लेकीला म्हणाली. “यांनीच मला सायबापुढं वाचायला उभं केलतं.”

लेकरू वाकलं. मी डोक्यावर हात ठेवला. आणि माझी जीभ बघा — म्हणालो, “खूप शिकव हिला.”

“तांड्यावर पाचवीपस्तोर शाळा हाय, तवर शिकवते, गुरुजी.”

गाडी पंक्चर नव्हती, हे तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी मिरच्या घेतल्या आणि घरी आलो.