पडद्यावरच्या बाई

बतूलची बोरखोलच्या शाळेवर नेमणूक झाली, तेव्हा ते गाव कुठे आहे हे पेणच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे वडील तमीमभाई धरमतरच्या खाडीत बार्ज चालवणारे सारंग होते. मुंबईपर्यंतचं पाणी त्यांना पाठ, पण निडी स्टेशनच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे आणि तिथे चौथीपर्यंतची शाळा आहे, हे त्यांनी लेकीकडूनच पहिल्यांदा ऐकलं. सकाळची रोह्याकडची गाडी पकडायची, निडीला उतरायचं, रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर बांधाबांधानं चालत सुटायचं. दोन-तीन वर्षं काढ आणि बदली करून घे, असं सगळेच म्हणाले. बतूल तिथे अशी रमली की बदलीचं नाव तिनं कधी काढलं नाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या, चार इयत्ता आणि दोन शिक्षक. मुलं भात काढून वाल लावणाऱ्यांची, नाहीतर रोह्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांची. बतूल शिकवताना फळ्याकडे कमी आणि मुलांच्या तोंडांकडे जास्त बघायची. एखाद्याच्या भुवया जरा जवळ आल्या की खडू ठेवायची आणि त्याच्या शेजारी बस्करावर जाऊन बसायची. सोबतचे गुरुजी म्हणायचे, असं केलंत तर दिवाळीपर्यंत निम्मं पुस्तकही होणार नाही. व्हायचं नाहीच. पण बोरखोलची मुलं पाचवीला नागोठण्याला गेली की गणितात मागे पडत नसत, आणि बतूलला तेवढं पुरे होतं.

तिचा नवरा खलील दोह्याला एका गोदामात कामाला. लग्नानंतरचा त्यांचा बराचसा संसार फोनवरच झाला. आधी नुसत्या आवाजावर, मग चेहरा दिसायला लागला. मुलगी अक्सा हिनं पहिला रोजा सोडला तो खलीलनं तिकडच्या खोलीत बसून मोबाईलवर पाहिला. म्हणून असेल, इंटरनेटविषयी बतूलच्या मनात माया होती. लांबचं माणूस त्यातून जवळ येतं, हे तिनं घरातच अनुभवलं होतं.

मग लॉकडाऊन लागला. गाड्या बंद झाल्या, शाळेला कुलूप लागलं. ऑनलाइन वर्ग घ्या, असा निरोप वरून आला. पण बोरखोलमध्ये रेंज मिळायची ती फक्त टेकडीवरच्या म्हसोबाच्या दगडापाशी, तीही वारा असेल तशी. पोरं पावसात टेकडीवर बसणार कशी? अक्सानं तोड काढली. तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून उभा केला, भिंतीवर काळा कागद लावला आणि अम्मीला म्हणाली, तू शिकव, मी रेकॉर्ड करते. पहिल्या दिवशी बतूलला शब्द सुचेना. समोर तोंडंच नव्हती. शेवटी अक्सा मोबाईलच्या मागे बसली आणि बतूल तिच्याकडे बघत बोलू लागली.

हे धडे गावापर्यंत नेले आदेशनं. आदेश रोह्याच्या एका कंपनीत होता. त्याची मुलगी निशिगंधा तेव्हा शाळेच्या वयाची नव्हती, पण वाडीतल्या इतर पोरांसाठी तो शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटबाहेर उभा राहायचा, तिथे रेंज चांगली, आणि बाईंचे धडे उतरवून घेऊन यायचा. त्याच्या ओटीवर पोरं जमायची आणि एका मोबाईलवर अख्खी शाळा भरायची. आदेशचा बतूलला फोन आला की तो सांगायचा, आज वजाबाकी झाली, आज बेडकाची गोष्ट झाली. बतूलच्या शिक्षकी आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता, असं ती नंतर अक्साला म्हणाली. घरात बसून का होईना, आपण पोहोचतोय, असं तिला तेव्हा वाटायचं.

शाळा उघडल्या तोवर तिचे धडे या फोनवरून त्या फोनवर जात तालुकाभर फिरले होते. रोह्याला सभागृहात शाल-श्रीफळ झालं. एका कंपनीनं बोरखोलच्या शाळेला मोठा टीव्ही दिला. नेटचं मात्र अडलं होतं. केबल ज्यांच्या शेतातून येणार, त्यांची तयारी नव्हती. ग्रामसभेत बतूल स्वतः उभी राहिली. आपल्या मुलांनी जगाच्या मागे का राहायचं, एवढंच तिनं विचारलं, आणि विरोध करणारेच म्हणाले, बाई सांगतात तर येऊ दे. केबल आली. ज्या दिवशी टीव्हीवर पहिल्यांदा समुद्राच्या तळातले मासे दिसले, त्या दिवशी खिचडी करणाऱ्या कृष्णाबाईसुद्धा चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी सोबतचे गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चारही वर्ग बतूल एकटी बघू लागली. दोन इयत्तांना टीव्हीसमोर बसवायचं, उरलेल्या दोन इयत्तांना शिकवायचं, मग उलट. जमत होतं, म्हणजे निभत होतं. एक दिवस केंद्रप्रमुख प्रविण सर मोटारसायकलवरून आले. माणूस भला. बतूलबद्दल त्यांना खरोखरच आदर होता. धरमतरच्या खाडीकाठी एका शाळेवर शिक्षकच उरलेला नाही, तिथे तात्पुरतं जावं लागेल, असं त्यांनी हळूच सांगितलं.

"आणि इथे?" बतूलनं विचारलं.

"इथे तुम्ही आहातच की, बाई. पहिलीपासून चौथीपर्यंतचे सगळे धडे तुमचेच आहेत. तुमच्याइतकं चांगलं शिकवणारं दुसरं कुणी मी कुठून आणू?"

ते हे चेष्टेनं म्हणाले नाहीत. ते धडे शाळा बंद होती म्हणून केले होते, शाळा चालवायला नव्हेत, असं बतूलनं समजावून पाहिलं. प्रविण सरांनी सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या जागा किती आणि माणसं किती, हे त्यांनी सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आदेश आणि गावातली चार माणसं रोह्याला जाऊन आली. त्यांना तिथे चहा मिळाला आणि उत्तरही मिळालं: टीव्ही तुम्हीच घेतलात, नेट तुम्हीच मागितलंत, तुमची शाळा तर तालुक्यात पुढे आहे, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचा आधी विचार करायला नको का?

बतूल खाडीकाठच्या शाळेवर गेली. तिथली मुलं मासेवाल्यांची आणि मिठागरावर काम करणाऱ्यांची. त्यांची बोली समजायला तिला थोडे दिवस लागले, मग तिथेही तिचा जीव लागला. बोरखोलहून बातम्या येत. शाळा उघडायचं आणि टीव्ही लावायचं काम कृष्णाबाईंकडे आलं होतं. आठवड्यातून एकदा शेजारच्या शाळेचे गुरुजी चक्कर मारत. चाललंय, असं सगळे सांगत.

हिवाळ्यात रोह्याला एक प्रशिक्षण होतं, ते दुपारच्या आतच आटोपलं. परतीच्या गाडीनं बतूल निडीला उतरली आणि बोरखोलला गेली. शाळेच्या पायरीवर पोहोचली तर आतून तिचाच आवाज ऐकू आला. ती दाराआड थांबली. पडद्यावर पेणच्या घरातली भिंत, काळा कागद, आणि पुढे ती स्वतः, अंगानं जरा बारीक, हातच्याची वजाबाकी शिकवत होती. दशकाची जुडी मोडून सुटे केले. मग तिनं पडद्यातून समोर बघितलं आणि विचारलं, "कळलं का?" त्या वेळी ती अक्साकडे बघत होती, आणि अक्सानं मान हलवेपर्यंत थांबली होती. आता त्या थांबण्यात मुलांनी सुरात उत्तर दिलं, व्हय बाई. आदेशची निशिगंधा, आता दुसरीत, कडेला बसली होती. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर ती एकटीच बारीक आवाजात म्हणाली, "नाय."

"शाब्बास," पडद्यावरची बतूल हसून म्हणाली. "मग पुढे जाऊ."

निशिगंधानं मान खाली घातली. वर्गात कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. हे रोजचंच असावं, असं तिच्या मान खाली घालण्यावरूनच बतूलला कळलं.

ती आत गेली. मुलांनी गलका केला, कृष्णाबाईंनी हात पुसत येऊन पाणी दिलं. बतूलनं टीव्ही बंद केला. कृष्णाबाईंकडून मूठभर वाल मागून घेतले आणि निशिगंधाजवळ बसली. दहा-दहा वालांचे ढीग केले, एक ढीग मोडला. निशिगंधा वालांकडे बघायचीच नाही. पुनःपुन्हा काळ्या पडद्याकडे बघायची. बोलायचं असेल तर ते तिकडे बघून, असं तिच्या अंगवळणी पडलं होतं. बतूलनं तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. तेव्हा कुठे ती बोटानं वाल सरकवू लागली. तिला खरंच उमगायला लागलं होतं, का ती नुसती बाईंच्या धाकानं मान हलवत होती, हे बतूलला कळायच्या आतच गाडीची वेळ झाली. पुढची गाडी थेट संध्याकाळी होती, आणि तमीमभाई घरी आजारी होते. बतूल उठली.

कृष्णाबाई फाटकापर्यंत आल्या. "बाई, तुमचा आवाज दिवसभर शालंत असतो," त्या म्हणाल्या. "पन पोरं कायपन विचारीत नायत. आदी किती विचारायची." मग त्यांना वाटलं आपण तक्रार केली, म्हणून टीव्हीची रोज नीट पुसपास करते, असं त्यांनी सांगितलं.

त्या रात्री बतूलनं अक्साला विचारलं, हे धडे परत काढून घेता येतील का? अक्सानं फोनवर बराच वेळ शोधाशोध केली. मूळचे पुसता येतील, पण शाळाशाळांत उतरवून ठेवलेले कसे पुसणार? प्रविण सरांना विचारलं, तर ते गोंधळले. इतक्या शाळा तुमच्यावर चालल्यात, त्या बंद पाडायच्या का, असं त्यांनी विचारलं. खलील व्हिडिओ कॉलवर आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझं नाव झालंय, त्यात वाईट काय वाटून घेतेस? आणि मग म्हणाला, मीही अक्साला असंच फोनवरून वाढवलं ना. मघापासून शेजारी बसून ऐकणारी अक्सा तेवढ्यात उठून आत गेली.

बोरखोलमध्ये ज्यांना झेपलं त्यांनी मुलं नागोठण्याला, रोह्याला घातली. पट घसरला. जूनमध्ये शाळा भरलीच नाही. उरलेल्या मुलांना निडीच्या बाजूच्या शाळेत जोडलं. मधे मोठा रस्ता, त्यावर कंपन्यांचे ट्रेलर. गाडी मिळेल असं सांगितलं होतं, ती आली नाही. निशिगंधाच्या आईला लहान बाळ होतं, आदेशची शिफ्ट. पोर घरीच राहिली. आदेशनं हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. बतूलला तो रागावलेला चालला असता. त्यानं फोन निशिगंधाकडे दिला.

"काय करतेस गो दिवसभर?" बतूलनं विचारलं.

"मोबाईल बघते. घरी पन नेट हाय आता."

"काय बघतेस त्यात?"

"कायपन," निशिगंधा म्हणाली. मागे कसलं तरी गाणं वाजत होतं, आणि तिचं लक्ष तिकडेच होतं. बतूलनं तिला अभ्यासाचं काही विचारलं नाही. जपून राहा, म्हणाली आणि फोन ठेवला.

पावसाळ्यानंतर खाडीकाठच्या शाळेतही टीव्हीचं खोकं आलं. बतूलनं ते कपाटामागे उभं करून ठेवलं. प्रविण सरांचा फोन आला, तेव्हा भिंतीला खारी ओल आहे, खिळा धरणार नाही, असं तिनं सांगितलं. पुन्हा फोन आला, तेव्हाही तेच सांगितलं. ओल खरीच होती. मग एका सोमवारी ती शाळेत पोहोचली तर शिडी लावून एक माणूस दुसऱ्या, कोरड्या भिंतीला भोकं पाडत होता. मुलं खाली दाटीवाटीनं बसून वर बघत होती. तिनं त्यांना पुस्तकं काढायला सांगितलं, पण ऐकलं कुणीच नाही. थोड्या वेळानं पडदा उजळला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.