मायाप्पाचा डावा पीळ

मायाप्पा गेल्याचं त्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी वाईच्या घरी चहा गाळत होतो. "काका, अण्णा गेलं... पहाटं," एवढंच ती बोलली. फोन ठेवला आणि उरलेला चहा गाळून घेतला. रडू आलं ते दोन दिवसांनी, आटपाडीला जाताना. मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून ड्रायव्हरनं एसटी थांबवली, आणि मला काही आवरेना. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. त्याला आता सहा आठवडे होतील.

सत्तरच्या दशकात, मोठ्या दुष्काळानंतर लगेचच, आम्ही सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एकत्र होतो. मी वाईच्या भिक्षुकाचा मुलगा, तो आटपाडीकडच्या मेंढपाळाचा. हॉस्टेलात खोली एक आणि प्रयोगशाळेत टेबलही एकच. शेवटच्या वर्षी रेणवीय जीवशास्त्र हा विषय नव्यानं लागला. पुस्तक एकच, तेही सरांच्या कपाटात. सर प्रामाणिक होते. "मी तुमच्या फक्त एक धडा पुढं आहे," असं सांगूनच टाकायचे. बेडूक कापण्यात आणि पानं वाळवण्यात दोन वर्षं घालवलेल्या आम्हाला एकदम कळलं, की प्राण्याचा सगळा आराखडा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका दुपदरी, पीळदार धाग्यात असतो. त्याचं नाव डीएनए. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. पाठांतर आमच्या घरात पिढीजात. मायाप्पा मात्र आठ दिवस धड जेवला नाही. पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून म्हणायचा, "वाईकर, ह्या जोंधळ्यातबी त्योच धागा हाय म्हणं."

सरांनी त्या धाग्याची प्रतिकृती करायला सांगितली. बाकीच्यांनी तारा वाकवल्या, मी पुठ्ठा कापून चिकटवला आणि तो संध्याकाळपर्यंत सुटला. मायाप्पानं गावाहून आईनं टकळीवर कातलेली लोकर आणली. एक पदर काळा, एक पांढरा, मध्ये चिपाडाच्या काड्यांच्या पायऱ्या, आणि दोन्ही पदरांना एकमेकांभोवती पीळ. इतकी देखणी वस्तू आमच्या प्रयोगशाळेत दुसरी नव्हती. सरांनी ती हातात घेतली, पुस्तकातल्या चित्राशेजारी धरली आणि हळूच म्हणाले, "पीळ उलटा पडलाय रे." खऱ्या धाग्याचा पीळ उजवा, स्क्रू उजवीकडं फिरवत आत बसवावा तसा. मायाप्पाचा डावा. त्याच्या घरी दोन पदर एकत्र पिळायचे ते डावीकडंच, आईच्या मांडीवर बसून तो तेच शिकला होता आणि दुसरीकडंही पिळता येतं हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. वर्ग हसला, मीही हसलो. तो मात्र चित्राकडं बघतच राहिला. मग त्यानं सरांना विचारलं, की मेंढराचा पीळ उजवा, जोंधळ्याचा उजवा, माणसाचाबी? सर म्हणाले, सगळ्यांचा. त्यावर मायाप्पा खाली बसला. जमिनीवरच बसला. आजवर मी देवळात पुष्कळ माणसं हात जोडून उभी राहिलेली पाहिली होती, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

परीक्षेला दोन महिने उरले असताना त्याचे वडील आले. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा कळप कृष्णाकाठी उसाच्या रानात खतासाठी बसवलेला होता. थोरला मुलगा फौजेत भरती झाला, मेंढरांमागं माणूस उरला नव्हता. आता शाळा पुरे, चल, असं ते सांगायला आले होते. मायाप्पा एवढंच म्हणाला, की एकदा माझं काम बघा आणि मग न्या. आबांनी रविवार दिला.

त्या रविवारी सरांनी स्वतः प्रयोगशाळा उघडली. कोकराच्या गळ्याखाली एक मऊ गाठ असते, मोठेपणी ती सुकून जाते; तिच्यात हा धागा भरपूर मिळतो, असं पुस्तकात होतं. मायाप्पानं मिरजेच्या खाटकाकडून ती गाठ मिळवली. बर्फात ठेवलेलं गाठीचं भांडं मी मिरजेहून सांगलीपर्यंत मांडीवर धरून आणलं, आणि घरी वडिलांना आजन्म सांगितलं नाही. आबा दारात आले, वहाणा बाहेर काढल्या आणि कोपऱ्यात उभे राहिले. मायाप्पानं गाठ खलात मिठाच्या पाण्यात घोटली, त्यात सरांनी दिलेलं रसायन घातलं, फडक्यातून गाळली आणि गार अल्कोहोल काचेच्या कडेनं थेंबथेंब सोडलं. दोन पाण्यांच्या मधोमध काहीतरी पांढरं, ढगासारखं उमटलं. त्यानं काचेची कांडी बुडवून हळूहळू फिरवली. आणि धागे यायला लागले... कांडीवर, एकावर एक. आम्ही पाठ केलेली गोष्ट खरोखरच होती.

"हे त्या कोकराचं?" आबांनी विचारलं.

"व्हय. लोकर, रंग, शिंगं, समदं ह्यातनंच येतंय."

आबा पुढं आले. कांडीवर वाकले. "पांडऱ्या मेंढीला काळं कोकरू झालं, की मी सांगतो हे हिच्या आज्याकडनं आलंय," ते म्हणाले. "म्हाईत व्हतं. पर ज्यातनं येतंय ते कवा बघितलं न्हवतं." मग माझ्याकडं वळले. "पावणं, पोरगं मेंढरांमागंच हाय की. वाट तेवढी निराळी."

कळप चार दिवसांनी उठला आणि मायाप्पाशिवाय गेला. तो परीक्षेला बसला, पुढं शिकला आणि आपल्या भागातल्या कॉलेजात आयुष्यभर हाच विषय शिकवत राहिला. प्रत्येक नव्या वर्गासमोर तो लोकरीला डावा पीळ द्यायचा, चूक सांगायचा आणि सगळा पीळ उकलून उजवा द्यायचा. मी बँकेत चिकटलो. त्या रविवारइतका मोठा दिवस मात्र माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आटपाडीला त्याची लेक मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, शेवटचे तीन दिवस अण्णांना कुणाची ओळख राहिली नव्हती, पण बोटं थांबत नव्हती. पांघरलेल्या घोंगड्याची सुटलेली दोन सुतं घेऊन पिळत राहायचे. मी विचारलं, कुठल्या बाजूला? माझा प्रश्न तिला विचित्र वाटला असणार. तिनं घोंगडं उचलून काठ माझ्यापुढं धरला.

पस्तीस वर्षं त्यानं पोरांना उजवा पीळ शिकवला होता. काठावरची सुतं डावीकडं पिळलेली होती.